नारिंगी आधी

माझी काकू दुकानात गेली की वस्तू नंतर बघते, आधी पाकीट उलटं करते. बिस्किटाचा पुडा असो, साबणाचं वेष्टन असो, नाहीतर औषधाचं खोकं. तळाची घडी नखाने हळूच उचलायची आणि आत दडलेले रंगांचे ठिपके मोजायचे. "सहा रंग," ती पुटपुटते. "लाल वेगळा घातलाय, म्हणून एवढा उठतो." दुकानदाराला वाटतं, बाई तारीख बघतायत. काकांना माहीत असतं की आता पाच मिनिटं हलणं नाही. ते शेजारच्या फळीला टेकून उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमच्याकडे पुडा फोडण्याआधी त्याचं शवविच्छेदन होतं."

सत्तावीस वर्षं ती एका छापखान्यात फाइली तयार करते. लागली तेव्हा फाइली नव्हत्या. काचेचं टेबल होतं, त्याखाली दिवा, आणि वर फिल्मचे तुकडे पातीने कापून चिकटवायचे. पुढे संगणक आले. तिच्याबरोबरच्या दोघांनी हात जोडले आणि दुसरी कामं धरली. काकूने मात्र हातातली पाती खाली ठेवली आणि माउस उचलला, एवढंच. तिची खोली वरच्या मजल्यावर आहे. भिंती राखाडी, खिडकीवर काळा कागद, आणि काकूच्या अंगावर कपड्यांवरून घातलेला राखाडी कोट, कारण भडक रंगाचा कपडा पडद्यात उमटतो आणि डोळा फसतो. खाली मोठं यंत्र. ते चालू झालं की वरची जमीन पायांना मांजरासारखी गुरगुरताना लागते.

खाली तिला 'केसभर बाई' म्हणतात, अर्थात मागे. कारण ती जिन्यातून डोकावून नेहमी एकच वाक्य म्हणते, "दादा, निळा केसभर डावीकडे." मशीनमन दादा तिच्याहून दोन वर्षांनी जुने. ते वर न बघताच म्हणतात, "केस कुणाचा धरायचा, बाई? माझा की तुमचा? माझे उरलेत कुठे."

एम.ए. झाल्यावर वर्षभर मी त्याच छापखान्यात मुद्रितं तपासत होते, काकूच्या खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीवर. म्हणून पुढचं सगळं मी पाहिलेलं आहे.

पहिल्याच आठवड्यात मला कळलं की रंगांच्या खोलीत रंग फारसे नसतात. छापील चित्रातले सगळे रंग चारच शायांच्या बारीक ठिपक्यांतून येतात: निळा, किरमिजी, पिवळा, काळा. प्रत्येक शाईची वेगळी प्लेट, म्हणजे छापायचा पत्रा, लागते. काकू पडद्यावर एकेक प्लेट वेगळी करून बघते, आणि ती दिसते करड्या छटांत. जिथे शाई जास्त तिथे गडद, जिथे कमी तिथे फिकी. निळं आकाश करडं, पिवळं फूल करडं. ती त्या करड्याकडे बघून सांगते, "हे फूल सुकल्यासारखं छापून येईल." आणि तसंच येतं.

पण काही रंग या चार शायांतून निघतच नाहीत. लखलखीत नारिंगी त्यांतला एक. किरमिजी आणि पिवळा कितीही मिसळा, कागदावर येते ती विटेची पूड. तसा रंग हवा असेल तर त्याची शाई वेगळ्या डब्यात घोटावी लागते, तिची पाचवी प्लेट करावी लागते. त्याला छापखान्यात स्पॉट कलर म्हणतात. आणि आमच्या यंत्राला शायांची घरं चारच. पाचवा रंग म्हणजे सगळे कागद पुन्हा एकदा यंत्रातून काढणं.

त्या वर्षी धाकट्या मालकांनी कारभार हातात घेतला होता. माणूस वाईट नव्हता, फक्त सगळं मोजून बघायची घाई होती. एका सकाळी ते दारात उभे राहिले. आत कधी येत नसत.

"ताई, पुढच्या महिन्यापासून फाइली बाहेर पाठवतोय. एक कंपनी आहे, सकाळी दिलं की दुपारी तयार. या खोलीत कागद ठेवायला मांडण्या करू. तुम्ही खाली काउंटरवर बसा. लग्नपत्रिका, कार्डं, ऑर्डरी घ्यायच्या. उजेड असतो तिथे, डोळ्यांना बरं."

काकू म्हणाली, "माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"झालं काहीच नाही हो."

"मग बरं कशाला करायचं?"

ते हसले आणि गेले. काकूने पडद्याकडे तोंड केलं. दहा मिनिटं तिने माउस हलवला नाही.

आणि तीन दिवसांनी चित्रकार बाई आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. पाणथळ जागेतल्या पक्ष्यांचं पुस्तक त्यांनी बारा वर्षं चितारलं होतं. चाळीस चित्रं, जाड पुठ्ठ्याच्या पेटीत. बाहेरच्या कंपनीने अजमावून बघायला पहिल्या चित्राची फाइल करून दिली होती आणि खाली त्याचा नमुना छापून झाला होता. बाईंनी तो काउंटरवर ठेवला, शेजारी मूळ चित्र ठेवलं, आणि काठीच्या टोकाने छापील पक्ष्याचा गळा दाखवला.

"हे काय आहे?"

"पक्षी," धाकटे मालक म्हणाले.

"ही वीट आहे. माझा पक्षी तो. बघा, गळा कसा पेटलाय. शेजारच्या पानावर त्याचा चुलतभाऊ आहे, त्याचा गळा खरंच विटकरी. दोघांत फरक तो एवढाच. तुम्ही दोघांना एक केलंत. मुलं पुस्तक घेऊन पाण्याकाठी जातील आणि चुकीचं नाव घेऊन परत येतील."

कंपनीने फोनवर सांगितलं की असा रंग छपाईत येत नाही, ग्राहकाला समजावून सांगा. याआधी आणखी दोन छापखान्यांनी बाईंना समजावून सांगितलं होतं. त्या समजून घेत नव्हत्या.

काकू जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती खाली आली, तिने चित्र उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाली, "येतो. पाचवी प्लेट लागेल."

धाकटे मालक तिला बाजूला घेऊन म्हणाले, "चाळीस चित्रं आहेत, ताई."

"मोजलीत मी."

"पंधरा दिवस देतो. आठ पक्ष्यांचं एक शीट छापून बाईंकडून होकार आणा. जमलं तर खोली राहील." मग ते म्हणाले, "नाही जमलं तर मग वाद नको."

"नको," काकू म्हणाली.

तिचं काम असं होतं. प्रत्येक चित्रात नारिंगी कुठे आहे ते शोधायचं, तेवढं उचलून पाचव्या प्लेटवर न्यायचं, आणि त्याखालचा किरमिजी-पिवळा काढून टाकायचा, नाहीतर नवी शाई जुन्यावर पडून मळते. पण पिसांच्या काळ्या रेघा तिथेच ठेवायच्या. हे संगणक आपण होऊन करतो, आणि वाईट करतो. काकू पीस पीस करून करत होती. आठ दिवस तिने पडद्यावरून मान वर केली ती चहापुरती. "हा लाजरा आहे," ती एखाद्या पक्ष्याबद्दल म्हणायची, "नारिंगी पंखाखाली लपवलंय." कुठला पक्षी कुठली जात, तिला माहीत नव्हतं. पण कुणाच्या अंगावर किती टक्के नारिंगी, ते झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

खरी खडाजंगी झाली ती खाली.

"नारिंगी आधी छापायचं," काकूने सांगितलं.

मशीनमन दादांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "पाचवा रंग शेवटी असतो, बाई. माझ्या गुरूंनी शेवटी घातला, त्यांच्या गुरूंनी शेवटी घातला."

"शेवटी घातला तर दाट शाई पिसांच्या रेघांवर बसते. पक्षी शेंदूर फासल्यासारखा दिसेल. नारिंगी खाली, रेघा वर."

"आणि कागदाचं काय? पहिल्या फेरीत पाणी पिऊन फुगतो तो." हे खरं होतं. या छपाईत शाईबरोबर पाणी लागतं, कागद ते पितो आणि वीतभर नाही, पण केसभर वाढतो. चार रंग एका फेरीत लागतात म्हणून ते एकमेकांना धरून राहतात. वेगळ्या फेरीतला पाचवा मात्र कडेला उघडा पडतो.

"फुगू दे. फुगणार तेवढी मी नारिंगीची फाइल आधीच आखूड करते. फुगला की बरोबर मापात येईल."

दादांनी फडकं पुन्हा उचललं. "शिंपी कापड आटणार म्हणून सैल शिवतो. तुम्ही सैल होणार म्हणून घट्ट शिवताय."

"कळलं ना? मग झालं."

किती आखूड करायची, ते काकूच्या वहीत होतं. या छापखान्यातला कागद नेहमी आखूड बाजूला फुगतो, लांब बाजूला जवळजवळ नाही. वीस वर्षांची टिपणं होती तिच्याकडे. तिने नारिंगीची प्लेट आखूड बाजूने तेवढी कमी केली आणि दहाव्या दिवशी चाचणी लावली.

शीट हातात आलं तेव्हा मधले दोन पक्षी सुरेख होते. पण कडेच्या सहांना नारिंगी नीट बसलं नव्हतं. कुणाचा गळा बाहेर सांडला होता, कुणाच्या छातीशी पांढरी चीर. काकूने भिंग लावलं, एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर नेलं, पुन्हा पहिल्यावर आणलं.

"मी म्हटलं होतं," दादा म्हणाले. पण त्यांना ते म्हणून बरं वाटलं नाही, हे त्यांच्या आवाजात होतं.

धाकट्या मालकांनी शीट पाहिलं. जाताना एवढंच म्हणाले, "पाच दिवस आहेत अजून."

घरी काकू गप्प होती. ती गप्प असली की फळ्या पुसते. आमच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्यांना छापखान्यातल्या वाया गेलेल्या शीटांचे कागद असतात, कोरी बाजू वर. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, सकाळीच तिने डबे खाली काढायला सुरुवात केली. मी डबे घेत होते, काका दारात चहा पीत होते. चाचणीतली दहा-बारा शीटं तिने घरी आणली होती. त्यांतलं एक घेतलं, लांब बाजूने घडी दाबली आणि नेहमीसारखं एका झटक्यात फाडलं.

फाटलं ते वेडंवाकडं. घडी सोडून थेट मधोमध गेलं.

"हात थरथरला का?" काकांनी विचारलं.

तिने दुसरं शीट घेतलं, लांब बाजूने फाडलं. पुन्हा वाकडं. मग तिसरं घेतलं आणि आखूड बाजूने फाडलं. सर्रकन, पट्टी लावून कापावं तसं सरळ.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. हातात दोन तुकडे होते. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, हे मला आधी कळलंच नाही, कारण इतके दिवस तिथे ते नव्हतं.

"कागद आडवा आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?" मी विचारलं.

"कागदात तंतू असतात, सगळे एका दिशेने निजलेले. त्यांच्या बाजूने फाडलं की सरळ फाटतो, आडवं फाडलं की वाकडा. आणि तंतू पाणी प्यायले की लांब होत नाहीत, जाड होतात. आपल्याकडे वीस वर्षं तंतू लांब बाजूने निजलेले आले. म्हणून कागद आखूड बाजूला फुगायचा. हा लॉट मोठ्या शीटांतून उलटा कापलाय. हा लांब बाजूला फुगतो. मी घातलं घट्ट एका बाजूने आणि सुटलं दुसऱ्या बाजूने." तिने तुकडे ओट्यावर ठेवले. "वेष्टनावर लिहिलेलं असतं. कटिंगवाल्यांनी वेष्टन फेकलं असणार. आणि मी विचारलं नाही. वहीत होतं ना सगळं."

काका म्हणाले, "मग आता?"

"आता वही बाजूला ठेवायची आणि मोजायचं."

डबे दुपारपर्यंत जमिनीवरच होते. जेवायला आम्ही त्यांच्यामधून वाट काढत गेलो.

दुसऱ्या दिवशी ती खोलीत न जाता सरळ यंत्रापाशी गेली. "दादा, चूक माझी होती. कागदाची दिशा बघितली नाही. तुमच्या यंत्राचा काही दोष नव्हता."

दादांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सत्तावीस वर्षांत वरून खाली फक्त माझ्याच चुका आल्यात. ही पहिली तुमची. फ्रेम करून लावू का?"

"लावा. पण आधी मला दहा कोरे कागद यंत्रातून काढून द्या. शाई नको. नुसतं पाणी."

"कोरे?"

"कोरे."

"लोक बघतील, मी कागदाला आंघोळ घालतोय."

"घाला. कोरडा ठेवला तर तोंडघशी पाडेल."

तिने प्रत्येक कागदावर दोन टोकांना बारीक फुल्या काढल्या होत्या, लांब बाजूला मध्ये बरोबर सातशे मिलिमीटर, आखूड बाजूला पाचशे. कागद ओले होऊन आले तसे तिने ते एकेक करून पोलादी पट्टीखाली घेतले, भिंग डोळ्याला लावून. दहा कागद, दहा आकडे. मी लिहून घेत होते. लांब बाजूला पाव मिलिमीटरहून थोडं जास्त. आखूड बाजूला पट्टीवर वाचता येईल असं काहीच नाही. दहाही जण एकच साक्ष देत होते. दादा शेवटी शेवटी तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले आणि दहावा आकडा त्यांनीच मोठ्याने वाचला.

नारिंगीची प्लेट नव्याने निघाली. या वेळी लांब बाजूने तेवढी कमी, आखूड बाजूने जशीच्या तशी.

तेराव्या दिवशी दुपारी फक्त नारिंगी छापलं. मी तशी शीटं कधी पाहिली नव्हती. पांढऱ्याशुभ्र कागदावर आठ ठिकाणी नुसते पेटलेले डाग. पक्षी नाहीत, नुसते गळे. एखादी छाती, पंखाखालची एक चिमूट. शीटं वाळायला ठेवली. काकू त्यांच्यावरून नजर फिरवत घरी गेली, आणि त्या रात्री ती नीट जेवली.

सकाळी चार रंग लागले. चित्रकार बाईंना बोलावलं होतं. त्या खुर्ची नको म्हणून काठीवर भार देऊन यंत्राच्या टोकाशी उभ्या राहिल्या. धाकटे मालक होते, बाइंडिंगच्या बायका हात पुसत आल्या होत्या. दादांनी यंत्र सुरू केलं. पहिली काही शीटं बाजूला टाकली, काळी शाई थोडी जुळवली, आणि मग एक शीट ओढून उतरत्या टेबलावर पसरलं.

गळे होते तिथेच होते. त्यांच्याभोवती पक्षी येऊन बसले होते. पिसांच्या काळ्या रेघा नारिंगीवर इतक्या नाजूक उतरल्या होत्या की फुंकर मारली तर हलतील. काकूने भिंग लावलं ते थेट कोपऱ्यातल्या पक्ष्याला, सगळ्यात लांबच्या. मग समोरच्या कोपऱ्यात. मग तिने भिंग दादांकडे दिलं.

दादांनी बराच वेळ बघितलं. "बसलं," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "काय बसलंय. गुरूंना दाखवायला हवं होतं."

चित्रकार बाईंनी पेटीतून मूळ चित्रं काढली आणि एकेक करून शीटाशेजारी धरली. विटकरी गळ्याचा चुलतभाऊही त्याच शीटवर होता. तो विटकरीच होता, आणि शेजारचा पेटलेला. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"आता वेगळे झाले," त्या म्हणाल्या. मग वाकून, "तिसऱ्याचा डोळा मोठा केलात तुम्ही."

"तो चित्रातच मोठा आहे," काकू म्हणाली.

बाईंनी मूळ चित्र डोळ्यांजवळ नेलं. "हं. माझाच आहे." त्यांनी पेन मागितलं आणि शीटच्या कोपऱ्यात सही केली. सही करून पेन परत न देता काकूपुढे धरलं. "तुमचीही करा. हा रंग मी एकटीने नाही लावला."

छापखान्यात मान्यतेच्या शीटवर ग्राहक, मालक आणि मशीनमन सह्या करतात. फाइल करणाऱ्याची सही कुणी कधी मागितली नव्हती. काकूने पेन घेतलं, पण सही कुठे करायची तेच तिला सुचेना. दादांनी स्वतःच्या जागेवर बोट ठेवलं. "इथे करा. मी खाली मावतो."

पुढचे चार दिवस त्या पहिल्या शीटसाठी यंत्र चालू होतं, उरलेली चित्रं त्यानंतर. काकू दर तासाला जिना उतरून यायची, एक शीट ओढायची आणि वर जायची. दादा म्हणायचे, "केसभर?" ती म्हणायची, "केसाएवढंही नाही." बाइंडिंगच्या बायका आता तिच्या तोंडावर तिला केसभर बाई म्हणायला लागल्या आणि तिने ते चालवून घेतलं.

महिना संपला त्या दिवशी एक सुतार वर आले. खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल. मांडण्यांचं माप घ्यायला त्यांना महिन्यापूर्वी सांगून ठेवलं होतं आणि नको म्हणून सांगायला सगळेच विसरले होते. त्यांनी राखाडी भिंतींवरून नजर फिरवली. "इथेच ना? कागदाची खोली?"

"फाइलींची," काकू म्हणाली. "ती चालू आहे."

सुतार गोंधळले. मागोमाग धाकटे मालक धापा टाकत जिना चढून आले. "अहो, राहिलंच तुम्हाला कळवायचं. मांडण्या रद्द." मग काकूकडे वळून म्हणाले, "सॉरी, ताई." आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत येऊन उभे राहिले.

सुतार पिशवी उचलायला लागले.

"थांबा," काकू म्हणाली. "आलाच आहात तर टेबल मोजा. खिडकीखाली. दोन शीटं शेजारी शेजारी पूर्ण पसरतील एवढं, आणि वर भिंग फिरवायला जागा राहील असं."

सुतारांनी धाकट्या मालकांकडे पाहिलं.

"ताई सांगतायत तसं," ते म्हणाले.

सुतारांनी टेप काढला. त्याचं दुसरं टोक काकूने भिंतीशी धरलं, अंगठ्याने घट्ट दाबून, आणि म्हणाली, "बोला."